पाण्याची चकती

७ एप्रिल

आज नवीन मुलगी रुजू झाली. नाव करुणा, गाव लासुर्णे, म्हणजे माझंच माहेर. इंद्रजित सरांनी ओळख करून देताना "तुमच्याच वस्तीतली, तुमच्या विहाराच्या मागचं घर" असं म्हटलं, जणू माझ्यासाठी बाजारातून काहीतरी खास आणलं होतं. मी हसले. हसावं लागतं तेवढं हसले.

बारामती एमआयडीसीच्या मागच्या अंगाला असलेली सरांची ही प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक इनक्युबेटर, एक ऑटोक्लेव्ह आणि मी. उसाच्या बेण्याला, म्हणजे लागणीच्या कांड्यांना, लावायचे जिवाणू आम्ही वाढवतो आणि बाटल्यांत भरून शेतकऱ्यांना देतो. सर विकायचं बघतात, बाकी सगळं माझ्या हातून जातं. गेली अकरा वर्षं हेच चाललंय. मदतीला कोणीतरी द्या असं मी सरांना कितीदा तरी म्हटलं होतं. पण मदतीला म्हणजे बाटल्या धुवायला, लेबलं चिकटवायला. विद्यापीठात पहिली आलेली मुलगी मी मागितली नव्हती.

ती आल्या आल्या म्हणाली, "ताई, तुम्ही आमच्या शाळेत आला होता. मी सातवीत होते. बोटावरचे जिवाणू दाखवायला तुम्ही आम्हाला प्लेटवर बोटं टेकवायला लावली होती."

मी म्हटलं, आठवत नाही, आणि इथे मॅडम म्हणायचं. सातवीत होते म्हणे. मी किती म्हातारी झाले ते पहिल्याच दिवशी सरांसमोर सांगून मोकळी झाली.

१४ एप्रिल

जयंतीला आम्ही नवराबायको लासुर्ण्याला गेलो. सौरभनं गाडी काढली. दरवर्षी मला स्टेजवर खुर्ची असते. वस्तीतली पहिली एम.एस्सी. मुलगी म्हणून माझं नाव पुकारतात, मी उठून नमस्कार करते, दोन शब्द बोलते. यंदाही खुर्ची होती, पण कडेची. मधल्या खुर्चीवर करुणा. शाल तिला, पुस्तकांचा संच तिला, टाळ्याही तिलाच. तिचे वडील बुद्धघोष गुरुजी बोलायला उभे राहिले आणि चष्मा काढून डोळे पुसत राहिले. माझे वडील माझ्या सत्काराला होते तेव्हा ते शेवटच्या रांगेत बसून नुसते मान खाली घालून ऐकत होते. हे आज का आठवलं कोण जाणे.

घरी आल्यावर आईनं चहा टाकला आणि म्हणाली, "करुणीनं नाव काढलं बाई वस्तीचं."

"आणि मी?"

"तू हायसच की," आई म्हणाली. असं म्हणाली जसं घरातल्या भिंतीबद्दल म्हणतात.

मला सर्दी झाली होती म्हणून निघताना तिनं एक पुरचुंडी दिली. सुती फडक्यात ओवा, लवंगा आणि कापूर कुटून बांधलेला. नाकाजवळ धरून जोरात श्वास घेतला की नाक मोकळं होतं. आईच्या हातचं एवढंच काय ते आज माझ्या वाट्याला आलं.

२३ एप्रिल

माझ्या चकत्यांना हात लावला. न विचारता.

चकत्या म्हणजे गाळणकागदाच्या टिकलीएवढ्या गोल चकत्या. मी स्वतः पंचनं पाडते, ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक करते, वाळवते आणि काचेच्या डबीत ठेवते. एखादं औषध आपल्या जिवाणूंना मारतं का हे बघायचं असलं की चपट्या काचेच्या बशीत, म्हणजे प्लेटमध्ये, जिवाणू पसरायचे, चकती औषधात बुडवायची आणि प्लेटच्या मधोमध ठेवायची. दोनतीन दिवसांत सगळीकडे पिवळसर साय धरते. औषध विषारी असेल तर चकतीभोवती साय धरतच नाही, नितळ कडं पडतं. मागे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, विरजणात मीठ पडल्यावर दही लागत न्हाय तसं. तसंच आहे ते.

तर करुणानं माझ्या डबीतल्या चकत्या घेतल्या आणि वर काय केलं, औषधाच्या प्रत्येक चकतीच्या जोडीला एक चकती नुसत्या पाण्यात बुडवून ठेवली. पाण्यानं जिवाणू मरतात का हे बघायला. मी म्हटलं, ही पहिल्या वर्षाच्या पोरांची सवय आहे, इथे काम करतात. ती म्हणाली, "पण पाणी ठेवलं की मनाला बरं वाटतं, मॅडम." मनाला बरं वाटावं म्हणून माझ्या चकत्या उडवायच्या.

येताना भाजी मंडईच्या कोपऱ्यावरून कुलूप घेतलं. उद्यापासून माझी डबी, माझे चिमटे, माझं सगळं लोखंडी कपाटात. तिनं स्वतःच्या चकत्या स्वतः पाडाव्यात.

२५ एप्रिल

कपाट लावून झालं. खालच्या फळीवर झुरळं निघाली, म्हणून आईची पुरचुंडी तिथेच ठेवली आणि वरून लवंगेच्या तेलाचे चांगले सात-आठ थेंब टाकले. सर्दी तशीही गेली. जेवणाचा डबाही आता आतच ठेवते. किल्ली मंगळसूत्राला अडकवली आहे. सौरभ हसला. म्हणाला, बँकेत लागलीस का.

करुणानं आज स्वतःच्या चकत्या पाडल्या आणि प्लास्टिकच्या डबीत ठेवून ती टेबलावर उघड्यावर ठेवली. कोणीही घ्या म्हणून. माझ्या कुलपाला टोमणा आहे हा, मला कळतं.

५ मे

ज्ञानदेव तात्या आले होते. लासुर्ण्यात त्यांचा शब्द चालतो. ऊस लावणाऱ्या पंधरावीस घरांचा गट त्यांनी बांधलाय आणि गटातले सगळे आमचेच जिवाणू वापरतात. मला लहानपणापासून ओळखतात.

गेल्या साली त्यांच्या बेणेमळ्यात काणी हा बुरशीचा रोग आला. उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक निघतो आणि बुकटी उडाली की शेजारचा ऊसही गेला. यंदा जुलैच्या लागणीला बेणं बुरशीनाशकात बुडवायचं असं त्यांनी ठरवलंय. कुठल्या तरी नव्या बुरशीनाशकाची बाटली सोबत आणली होती. प्रश्न एवढाच, की ते आणि आमचे जिवाणू एकाच पिंपात चालतील का. आधी औषधात बुडवायचं, वाळवायचं, मग जिवाणूंत बुडवायचं, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

"दोनदा बुडवायला माणसं कुठं हायती, सुकन्या?" तात्या म्हणाले. "एकच पिंप हुईल. औशिदानं तुजं जिवाणू मरत असतील तर औशिद सोडतो आन् जिवाणू ठिवतो. न्हाईतर दोनी एकत्र घालतो. तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं. हे माझ्याकडे बघून म्हणाले, करुणाकडे नाही. ती शेजारीच उभी होती.

ते गेल्यावर सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. पावसाळ्याअखेरीला इंदापूरला दुसरी प्रयोगशाळा काढायची आहे, गाळा बघून झालाय, तिथे एक प्रमुख लागेल. एवढं बोलून ते म्हणाले, हे तात्यांचं काम दोघींनी आपापलं करा, मी दोन्ही बघतो. म्हणजे परीक्षाच. अकरा वर्षांनी माझी परीक्षा, आणि शेजारच्या बाकावर सातवीतली.

९ मे

आज प्लेटा काढल्या. माझ्या तिन्ही प्लेटांवर चकतीभोवती रुपयाएवढं नितळ कडं. बुरशीनाशक आमचे जिवाणू मारतं. स्पष्ट आहे.

करुणाच्या प्लेटांवर कडं नाही. साय थेट चकतीच्या कडेपर्यंत, आणि पाण्याच्या चकतीलाही तसंच. ती म्हणते, औषध निर्धोक आहे.

सरांनी दोन्ही प्लेटा उजेडाला धरून पाहिल्या आणि परत करा म्हणाले. मला ठाऊक आहे काय झालंय. हिच्या चकत्या नीट भिजल्याच नसणार. घाई करते. चिमट्यानं चकती उचलते तेव्हा बोटं बघावी, सतार वाजवतेय असं वाटतं. सर बघत राहतात.

१२ मे

पौर्णिमा. खीर केली. सौरभ म्हणाला, तुझ्या डब्यात उरलेल्या चपातीला हल्ली लवंगेचा वास येतो, पीठ कुठून आणलंस. त्याला माझ्या स्वयंपाकात खोड काढल्याशिवाय चैन पडत नाही. त्यालाच काल करुणा एसटी स्टँडवर दिसली आणि त्यानं तिला गाडीवरून एमआयडीसीपर्यंत सोडलं. चांगली मुलगी आहे म्हणाला, तुझ्याबद्दलच बोलत होती. काय बोलत होती ते त्याला नीट सांगता आलं नाही. माझ्याबद्दल बोलायला तिच्याकडे काय आहे?

१६ मे

दुसऱ्यांदा तेच. माझं कडं, तिची साय. या वेळी मी चकती औषधात चांगली मुरवली होती. कडं तेवढंच आलं, रेघभरही कमी नाही की जास्त नाही. याला म्हणतात हात बसणं.

१९ मे

करुणा दुपारी माझ्याजवळ आली. मी कपाट उघडून डबा काढत होते. ती थांबली, नाक वर केलं आणि म्हणाली, "मॅडम, कपाटातून छान वास येतो. विड्याच्या पानासारखा." मी कपाट लावून घेतलं. माझ्या कपाटात नाक खुपसायचं कारण काय?

मग जरा घुटमळून म्हणाली, "तुमच्या डबीतल्या दोन चकत्या द्याल का? माझ्या प्लेटवर ठेवून बघते."

काय धीट आहे पोरगी. दीड महिन्यात माझ्या गावातली खुर्ची घेतली, सर घेतले, नवऱ्याच्या गाडीवर बसली, आता चकत्याही माझ्याच हव्यात. मी म्हटलं, स्वतःच्या पाडायला शीक. ती मान हलवून तिच्या टेबलाकडे गेली. तिच्या गप्प बसण्याचाही मला राग येतो. भांडली असती तर मला निदान भांडता आलं असतं.

२४ मे

तिसऱ्यांदा तेच आलं आणि सरांनी दोघींना समोर बसवलं. आता एकच काहीतरी ठरवायला हवं होतं, तात्यांचा फोन येऊन गेला होता. करुणा म्हणाली, मॅडमनी एकदा पाण्याची चकती ठेवून बघावी, मग जे येईल ते मला मान्य.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सरांसमोर. मी म्हटलं, "सर, अकरा वर्षांत एक तरी बाटली परत आली का? मला पाण्याची चकती ठेवायला सांगणाऱ्या मुलीला इथे येऊन किती दिवस झाले ते बघा, आणि मग कोणाचं ऐकायचं ते तुम्ही ठरवा." आवाज चढला माझा. करुणाचं तोंड उतरलं.

सर बराच वेळ पेनचं टोपण उघडत-लावत बसले. मग त्यांनी माझाच अहवाल खरा धरला. मी लगेच तात्यांना फोन करून सांगितलं, औषध सोडा, जिवाणू ठेवा. तात्या म्हणाले, "तू म्हणतीस म्हंजे झालं." करुणानं टेबल पुसलं आणि पाचच्या एसटीनं गेली.

फार बरं वाटलं. आज लिहिताना अक्षरही चांगलं येतंय.

३ जून

सरांबरोबर इंदापूरला जाऊन गाळा पाहिला. पूर्वेला खिडकी आहे. टेबल तिथे टाकायचं, इनक्युबेटर भिंतीकडे. सर म्हणाले, तुमच्या मनाप्रमाणे करा. येताना तिथल्या बाजारातून आईला लुगडं घेतलं.

करुणा हल्ली कामापुरतं बोलते. मला वाटलं होतं हे मला आवडेल.

१३ जून

हे लिहू की नको असं झालंय.

सरांना लासुर्ण्यात बैठक घ्यायची आहे. शेतकऱ्यांना दाखवायला एक प्लेट हवी होती. म्हणाले, एकीकडे औषधाची चकती, एकीकडे साध्या पाण्याची, म्हणजे बघणाऱ्याला फरक कळेल. शेतकऱ्यांसाठी म्हणून ठेवली मी पाण्याची चकती. करुणाच्या सांगण्यावरून नाही.

आज प्लेट काढली. औषधाभोवती कडं. पाण्याभोवतीही कडं. तेवढंच, रुपयाएवढं.

हिचंच काम. माझ्या पाण्याच्या बाटलीत काहीतरी टाकलंय. सरांसमोर माझं हसं व्हावं म्हणून. मी प्लेट कागदात गुंडाळून पिशवीत घातली आणि घरी आणली. फ्रिजमध्ये आंब्याच्या रसामागे ठेवली आहे. उद्या नव्या, सीलबंद पाण्यावर करते आणि मग सरांपुढे हिला उभी करते.

१७ जून

सीलबंद पाणी. कडं.

पाणी नाहीच, नुसती कोरडी चकती. कडं.

करुणा जेवायला गेली असताना तिच्या उघड्या डबीतली एक चकती घेतली होती. न विचारता. ती त्याच प्लेटवर, त्याच पाण्यात बुडवून ठेवली होती. तिच्याभोवती साय. अगदी कडेपर्यंत, मऊ, पिवळसर.

मी ती प्लेट टेबलावर ठेवली. मग कपाट उघडलं आणि रोज जे करते ते केलं नाही, म्हणजे डबा काढून लगेच लावलं नाही. तोंड आत घातलं आणि श्वास घेतला. लवंग, ओवा, कापूर. डोळ्यांत पाणी आलं इतका उग्र. काचेची डबी उघडली तर प्रत्येक चकतीला तोच वास. लवंगेच्या तेलानं जिवाणू मरतात हे मी शाळेतल्या मुलांना शिकवलंय. बंद कपाटात दिवसेंदिवस तो वास कागद पीत राहिला आणि मी किल्ली गळ्यात घालून फिरत राहिले.

सौरभला चपातीत कळलं. करुणाला दारात कळलं. तिनं दोन चकत्या मागितल्या होत्या त्या याचसाठी. मला तो वास येतच नव्हता, माझ्या नाकाला तो आपला झाला होता.

म्हणजे बुरशीनाशकानं एकही जिवाणू मेलेला नाही. आणि तात्यांनी माझ्या शब्दावर औषध सोडलंय.

१८ जून

दिवसभर एकच विचार केला. तो जसा आला तसा इथे लिहिते, दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

पुरचुंडी फेकून द्यायची. नव्या चकत्या पाडायच्या. सरांना सांगायचं की कंपनीनं बाटली बदलली, म्हणून पुन्हा तपासलं आणि हे नवीन औषध चालतंय. तात्यांना तेच. काणी टळेल, कोणाचं नुकसान नाही आणि इंदापूरच्या खिडकीजवळचं टेबल माझं. करुणाला कळेल, पण ती बोलणार नाही. बोलली तरी तिच्या हातात काय आहे?

सगळं जमत होतं. फक्त एका गोष्टीशी येऊन अडकत होते. मग करुणाचं मत चुकीचं ठरलं होतं ते तसंच राहणार. "बाटली बदलली" म्हटलं की तिचे तिन्ही निकाल खोटेच ठरतात. आणि मला, खरं सांगायचं तर, ते हवं होतं. तात्यांचा ऊस वाचावा आणि करुणा खोटी ठरावी, दोन्ही एकाच पिंपात.

संध्याकाळी सौरभला सांगितलं. तो आधी हसला, चपातीचं आठवून. माझ्याकडे बघितल्यावर हसायचा थांबला. लागण कधी आहे विचारलं. मी म्हटलं, जुलैच्या पहिल्या आठवड्यात बेणं तोडतील. "मग अजून उशीर झाला नाही," तो म्हणाला आणि टीव्ही लावला.

२१ जून

सरांना सांगितलं. सगळं, कपाटासकट. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. करुणाला त्यांनी बोलावलं नाही, म्हणाले, तुम्हीच सांगा.

मी तिला कपाटाजवळ नेलं. किल्ली काढताना मंगळसूत्रात अडकली, तिलाच सोडवावी लागली. तिनं वास घेतला, डबी पाहिली आणि सगळं समजली. मी विचारलं, तुला आधीपासून माहीत होतं?

"माहीत न्हवतं," ती म्हणाली. पहिल्यांदाच माझ्यासमोर गावचं बोलली. "वाटत होतं. म्हणून तर चकत्या मागितल्या. तुमी दिल्या न्हाईत." डबीचं झाकण लावत म्हणाली, "मला वाटलं माझाच हात चुकतोय. तुमचा कसा चुकंल? घरी जाऊन रडत हुते मी, मॅडम."

मी माफी मागितली. ती "ठीक आहे" म्हणाली. ठीक नव्हतं ते दोघींना दिसत होतं. मला वाटलं होतं माफी मागितली की आत काहीतरी हलकं होईल. उलट ती शहाण्यासारखी वागली याचाच आणखी राग आला. माणसानं इतकंही बरोबर असू नये.

२८ जून

लासुर्ण्यात बैठक झाली. तात्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या. गटातले सगळे आले होते, बायकाही. मागच्या रांगेत आई नवं लुगडं नेसून बसली होती. सर म्हणाले होते, मी बोलतो. मी म्हटलं, नको.

प्लेट तीच नेली, माझी पाण्याची चकती आणि करुणाची पाण्याची चकती शेजारी शेजारी असलेली. पुढच्या रांगेत दिली. ती हातोहात फिरली. साय कशी धरते, कडं कशानं पडतं हे सांगितलं. विरजणाचं उदाहरण दिलं तेव्हा बायकांनी माना हलवल्या. मग सांगितलं, मागं मी औषध सोडा म्हटलं होतं ते चूक होतं. औषधानं जिवाणू मरत नाहीत. दोन्ही एका पिंपात घाला. करुणानं हे मे महिन्यातच सांगितलं होतं आणि मी ऐकू दिलं नाही.

तात्यांनी प्लेट डोळ्यांजवळ धरली होती. त्यांनी माझ्या चकतीभोवतीच्या नितळ कड्यावर बोट ठेवलं.

"ह्यात बी पाणीच हाय म्हनलीस?"

"पाणीच आहे."

"आन् ह्यात बी?"

"त्यातही पाणीच."

"मंग हितलं कशानं मेलं?"

लवंगेच्या तेलानं, असं सांगायचं ठरवून गेले होते. शास्त्रीय उत्तर तेच आहे. आई समोर होती, तिची पुरचुंडी, तिला काय वाटेल असं मनात आलं. आणि तेवढंच खरंही नव्हतं. ते तेल आपणहून चकतीपर्यंत चालत गेलं नव्हतं.

"मी कुलूप लावलं होतं, तात्या," मी म्हटलं. "ही आपल्या गावची पोर माझ्या पुढं जाईल म्हणून. त्यानं मेलं."

तात्यांनी प्लेट खाली ठेवली आणि उपरण्यानं हात पुसले. मग करुणाकडे वळले आणि पहिल्यांदा तिला विचारलं, "पोरी, किती पाण्याला किती औशिद घालायचं ते सांग." ती उभी राहून सांगायला लागली. मी सतरंजीवर जाऊन आईशेजारी बसले. आई माझ्याकडे बघत नव्हती, करुणाचं ऐकत होती, पण तिनं माझा हात घेऊन मांडीवर ठेवला आणि बैठक संपेपर्यंत सोडला नाही.

८ जुलै

लागण चालू झाली. तात्यांच्या बांधावर जाऊन आले. एकच पिंप आहे.

इंदापूर करुणाला मिळालं. सरांनी मला आधी सांगितलं, तेवढा मान ठेवला. मी म्हटलं, बरोबर आहे. घरी येऊन उशीत तोंड घालून रडले. मत्सर गेला असं इथे लिहिलं तर ती खोटी नोंद होईल. त्या खिडकीजवळ तिचं टेबल असेल हे मला अजून सहन होत नाही.

५ सप्टेंबर

करुणाचा इथला शेवटचा दिवस. आता मी प्रत्येक प्लेटवर पाण्याची चकती ठेवते, तिला दिसेल अशी नाही, पण ठेवते. कपाटाचं कुलूप घरी गच्चीच्या दाराला लावलंय. पुरचुंडी आईला परत दिली. ती म्हणाली, "इतकी चांगली चीज, तुला काय बाधली?"

निघताना करुणा माझ्या टेबलाशी आली. मला ती अजून मॅडमच म्हणते. ताई म्हण असं सांगायचं मी कितीदा ठरवलं, तोंडातून निघत नाही. ती म्हणाली, इंदापूरला पंच अजून आलेला नाही, सोमवारच्या कामापुरत्या दोन चकत्या मिळतील का?

मी काचेची अख्खी डबी तिच्या हातात दिली. कालच पाडलेल्या, वाळवलेल्या, माझ्या हातच्या.

तिनं डबी घेतली, माझ्यासमोरच झाकण उघडलं आणि वास घेतला. सावकाश, नीट. मग झाकण लावलं आणि डबी पिशवीत ठेवली. मला राग आला. पण तिनं वास न घेता डबी नेली असती, तर तिला इंदापूरला पाठवू नका असं सरांना मीच सांगितलं असतं.